शेपटीतलं पोटात

मंजुळाबाई लग्न होऊन देऊळगाव राजाकडच्या गावात आली, त्याच्या चौथ्याच दिवशी सगळा भोईवाडा तिला हसला.

हसण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. सकाळी सासूबरोबर ती नदीवर गेली होती. वर कुठंतरी पाऊस झाला असावा. खडकपूर्णेचं पाणी तांबूस झालं होतं आणि काठावरची पुरुषमंडळी जाळी खांद्यावर टाकून परत फिरायच्या बेतात होती. सतरा वर्षांची नवी नवरी, नाकापर्यंत पदर ओढलेली. पण तिला राहवलं नाही.

“आज तं जायं टाकाच! पानी आंधयं झालं नं!”

सासू गर्रकन वळली. “आगं, कोण आंधळं झालं? सकाळच्या पारी कामून असं वंगाळ बोलायलीस?”

“कोनी नाई, आत्याबाई. पानी. आता मासोयीले जायं दिसत नाई, म्हनून आंधयं.”

एका जावेनं ‘मासोयीले’ म्हणून तिची नक्कल केली आणि काठावर हसू फुटलं. एकीनं विचारलं, “जायं म्हंजी काय गं, जाईची फुलं का?” नवरा रंगनाथ, तोही मान खाली घालून हसत होता. पुढं कितीतरी दिवस ती नदीवर गेली की बायका म्हणायच्या, “काय सोनाळेवाली, आज पाण्याचे डोळे कसे हायेत?”

तशी ती सोनाळ्याचीही नव्हती. सोनाळ्याहून पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, वान नदीच्या काठावर तिचं माहेर. गाव इतकं लहान की नाव सांगून कुणाला उमगत नसे, म्हणून ती सोनाळ्याचंच नाव सांगे. जिल्हा एकच, बुलढाणा. पण तो उभा कापत या टोकाहून त्या टोकाला जायला एसटीनं पुरा दिवस मोडतो, आणि वाटेत बोली बदलत जाते. तिच्या माहेरी ‘मले-तुले’, सासरी ‘मला-तुला’. माहेरी ‘काय करून राह्यली’, सासरी ‘काय करायलीस’. माहेरी काळं ते कायं, डोळा तो डोया. हे सगळं तिनं वर्षभरात शिकून घेतलं असतं. अडचण वेगळीच होती. तिच्याजवळ आणखी एक बोली होती, पाण्यावरची, आणि ती तर तिच्या माहेरच्या गावातही चार घरांपलीकडे कुणाला येत नव्हती.

ती तिला मिळाली बापाकडून. बापाला दम्यानं लवकर गाठलं. जाळं फेकायचं काम थोरल्या भावावर, तुळशीरामवर आलं, आणि मंजुळाची जागा ठरली वरच्या दरडीवर. दरडीवरून पाण्यातल्या सावल्या दिसतात. खाली पाण्यात उभ्या माणसाला त्या दिसत नाहीत. तिनं पाहायचं आणि सांगायचं, त्यानं फेकायचं. लांबलचक बोलायला सवड नसते, मासोळी तेवढं थांबत नाही. म्हणून भोयांनी डोहाला जनावर मानलं होतं. धार जिथून आत शिरते ते त्याचं डोकं, मधला खोल भाग ते पोट, आणि पुढं जिथं पाणी निमुळतं होऊन वाळूत विरतं ती शेपटी. मंजुळा वरून ओरडायची, “पोट!” आणि तिचा शब्द संपायच्या आत तुळशीरामचं जाळं हवेत गोल फुलून डोहाच्या मध्यावर पडलेलं असायचं.

काही शब्द पाण्यावर उच्चारायचेच नाहीत. जाळं रिकामं आलं असं म्हणायचं नाही. ‘धुऊन आलं’ म्हणायचं. कुणी बुडालं म्हणायचं नाही. ‘खाली बसलं’ म्हणायचं. काठाशी बोलवायचं असेल तर ‘ये’ म्हणत नसत, ‘वर’ म्हणत. आणि घरात पाऊल टाकलं की ही बोली उंबऱ्याबाहेर राही. आई म्हणायची, पाण्यावरचं पाण्यावर.

चैत्र लागला की बापाचं एक काम ठरलेलं असायचं. नदी आटायची, डोहाची शेपटी पोटापासून तुटायची आणि तिथल्या डबक्यात मरळ अडकून पडायची. उन्हानं मरायची नाहीतर कावळ्या-बगळ्यांच्या तोंडी जायची. बाप दोन्ही लेकरांना घेऊन जायचा, चिखलातून मासोळ्या हातानं धरायचा, ओल्या पोत्यात घालून वरच्या खोल पाण्यात नेऊन सोडायचा. विकायला एकही आणत नसे. “शेपटीतलं पोटात घातलं,” म्हणायचा, “तं नदी पुढच्या साली उपाशी ठेवत नाई.”

सासरी नदी होती, जाळी होती, मासोळी होती. पण बायका पाण्यावर जात नव्हत्या. मासे काठावर आले की पुढचं काम त्यांचं: निवडायचे, पाटीत भरायचे, देऊळगाव राजाच्या बाजारात बसायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मंजुळाबाईनं एकदा धीर करून रंगनाथला विचारलं होतं.

“मले एक डाव दरडीवर उभं राहू द्या. मी सांगतो कुठी टाकाचं.”

रंगनाथ वाईट माणूस नव्हता. तो जरा वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, “लोक हसतेल, मंजुळा.” मग तिनं तो विषय कधी काढला नाही.

बाजारानं तिला नवी जीभ दिली. गिऱ्हाईक आलं की, “लई ताजं हाये बगा, आत्ताच काढलंय,” असं ती इतकं सफाईनं म्हणू लागली की तिला कुणी परगावची समजेना. मुलगा शेखर झाला, तोही ‘मला-तुला’ म्हणतच मोठा झाला. पुढं नदीवर धरण झालं. भरल्यावर पाणीच पाणी. लोक म्हणाले, बरं झालं, आता बारमाही मासळी. खरंच झालं तसं. मच्छीमारांची संस्था निघाली, बोटुकली म्हणजे माशांची बोटभर पिल्लं सोडायला लागले, कटला-रोहू निघू लागले, पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आत जाऊ लागली. मंजुळाबाई काठावर पाटी घेऊन उभी राही आणि त्या सपाट पाण्याकडं बघे. डोकं नाही, पोट नाही, शेपटी नाही. शाळेच्या पुसलेल्या फळ्यासारखं दिसे ते तिला. वाचायचं काय त्यात?

रंगनाथ जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधीच शेखरनं तिला बटणाचा एक जुना फोन दिला होता, आणि त्या फोनावर दर आठ-पंधरा दिवसांनी तुळशीराम बोलायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिलंच वाक्य ठरलेलं.

“पानी कसं हाय व, मंजे?”

“पाहून राह्यलं, भाऊ. तुह्याकडं?”

‘पाहून राह्यलं’ म्हणजे पाणी नितळ आहे. आंधळ्याच्या उलट. तुळशीराम सांगायचा, आज डोक्यात धार नाही, पोट मात्र हिरवं आहे. दोन कटले आणि सतरा झिंगे. परवा धुऊन आलो. खरं म्हणजे त्याची मासेमारी केव्हाच संपत आली होती. नदीत पाणीच चार महिने राही. जाळं आता वांग्याच्या वाफ्यावर डुकरं येऊ नयेत म्हणून पसरलेलं असे. पण बहिणीशी बोलताना तो नदीवरच उभा असायचा, आणि तीही. दहा मिनिटांत फोन संपे. मंजुळाबाई उठून पुन्हा मासे निवडायला बसे. शेखर बायकोला म्हणे, “रेणुका, बघितलंस? आई फोनवर दुसरीच बाई होती.”

सव्वा वर्षामागं, माघात, सागरचा फोन आला. सागर म्हणजे तुळशीरामचा मुलगा. सोनाळ्यात खताच्या दुकानावर कामाला असतो. “आत्या, बाबाले लकवा मारला. उजवी बाजू गेली.”

मंजुळाबाई दवाखान्यात जाऊन आली. तुळशीराम डोळे मिटून पडला होता. तीन दिवस ती त्याच्या उशाशी बसली, तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी तिला परतावं लागलं. रेणुकाचे दिवस भरले होते. मग बाळंतपण, बाळाचं न्हाणं, बाजार. तिच्या मनात सारखं घोळे की भावाला तसंच टाकून आलो. फोन करी तेव्हा सिंधूताई, तुळशीरामची बायको, एवढंच सांगे, “हाय तसंच हाय, बाई.”

चैत्रात एका दुपारी सागरचा पुन्हा फोन आला. आवाज कावलेला.

“आत्या, बाबा आता बोलते, पन ते बोलनं ना बोलनं सारखंच. दिवसभर पोट, पोट करते. आम्हाले वाटलं पोट दुखून राह्यलं. डॉक्टरकडं नेलं, सोनोग्राफी केली, काहीच नाई. मंग गोसावी, गोसावी म्हनाले लागले. आईनं एका गोसाव्याले बोलावून जेवू घातलं, धागा बांधला. बाबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. अन् आता म्हन्ते शेपूट! कोनाचं शेपूट, आत्या? डोकं गेलं त्याहिचं.”

मंजुळाबाई बाजारात बसली होती. समोर गिऱ्हाईक उभं होतं. तिनं हातातला मासा खाली ठेवला.

“त्याच्या कानाले फोन लाव.”

पलीकडं खुडबुड झाली. मग जड, ओला श्वास ऐकू आला.

“भाऊ, मी मंजी. गोसाव्याच्या डोहाचं म्हनून राह्यला का तू?”

श्वास थांबला. “हाव,” तुळशीराम म्हणाला.

“शेपूट तुटलं?”

“हाव. हाव.”

“मासोया अडकल्या तथी? पोटात घालाच्या?”

साठी उलटलेला तिचा भाऊ फोनवर हमसून हमसून रडत होता, आणि मागून सागर घाबरून विचारत होता, “आत्या, काय म्हनलं तू त्याले? काय म्हनलं?”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती निघाली. चिखली, खामगाव, शेगाव. तीन गाड्या बदलल्या. खामगाव सोडलं तशी गाडीतल्या माणसांची बोली तिच्या कानाला ओळखीची होत गेली. शेजारची बाई लेकराला रागावत होती, “काऊन रडून राह्यला बे?” मंजुळाबाई विनाकारण तिच्याकडं बघून हसली. सोनाळ्याहून पुढं माहेरी पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता.

तुळशीराम ओसरीवर खाटेवर टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. तिला पाहताच डावा हात उचलून तो म्हणाला, “वर. वर.”

सिंधूताईनं पदर तोंडाशी नेला. “हे पाहा बाई, असंच करते. कोनी आलं का वर, वर. देवाघरी जातो म्हन्ते. मले आयकवत नाई.”

“नाई वं वैनी,” मंजुळाबाई म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. “वर म्हंजे काठावर ये. तो मले ये, बस म्हनून राह्यला.”

सिंधूताई तिच्याकडं बघतच राहिली. “म्हंजे मले बी तेच म्हने का? सकायी चहा घेऊन गेली का म्हने, वर.”

“तुम्हाले बी तेच. बस म्हने.”

सिंधूताई खाटेच्या पायथ्याशी मटकन बसली. ती खामगावची. तिच्या माहेरी भोयांचा धंदा फुटाण्याच्या भट्टीचा; नदी त्यांच्या ओळखीची नव्हती. “पस्तीस सालं संसार केला, बाई,” ती हळूच म्हणाली, “अन् माह्या मानसाचं बोलनं मलेच समजत नाई.”

चूक सिंधूताईची नव्हतीच. तुळशीराम आयुष्यभर पाण्यावरचं पाण्यावर ठेवत आला होता. लकव्याच्या झटक्यात त्याचं घरातलं बोलणं सगळं गेलं. राहिले ते दरडीवरचे दहा-बारा शब्द, पोरवयात शिकलेले. आणि ते घरात कुणालाच दिलेले नव्हते.

सकाळी सागरनं मित्राची ॲपे रिक्षा आणली. तुळशीरामला उचलून आत बसवलं, टपावर प्लास्टिकची खुर्ची बांधली. गोसाव्याचा डोह गावापासून दीड कोसावर. काठावर कुण्या जुन्या गोसाव्याची शेंदूर फासलेली समाधी आहे, त्यावरून नाव. मंजुळाबाई खाली उतरली आणि उभी राहिली. नदी कुठं होती? पांढरी वाळू, दगडगोटे, मध्येच बेशरमाची झुडपं. तिची दरड अर्धीअधिक ढासळलेली. वर धार नव्हतीच, म्हणजे डोहाला डोकं उरलं नव्हतं. पोट मात्र होतं, आक्रसलेलं, हिरवं, शांत. आणि दोनशे पावलं खाली, वाळूच्या पलीकडं, बैलगाडीच्या साटीएवढं एक डबकं. त्यातला चिखल मधूनच हलत होता.

करंजाच्या सावलीत तुळशीरामला खुर्चीवर बसवलं. मंजुळाबाईनं कासोटा घातला, पाटी घेतली आणि डबक्यात उतरली. चिखल कोमट होता. तिची बोटं पहिल्यांदा निसटत राहिली. मरळ म्हणजे जिवंत दोरखंड, शेपटीचा असा तडाखा देते की मनगट बधिर व्हावं. बाजारात चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं मेलेली मासळी हाताळली होती. जिवंत कशी धरतात ते हाताला आठवायला वेळ लागला.

“पोट!” वरून तुळशीराम ओरडला. “पोट!”

ती बुचकळ्यात पडली. पोट तर तिकडं वर. मग तिच्या ध्यानात आलं, तो मासोळीचं पोट म्हणतोय. पाठीवरून नाही, पोटाखालून धर. बाप असंच सांगायचा. तिनं दोन्ही तळवे खालून सरकवले आणि हातभर लांबीची मरळ अलगद वर आली.

“पाह्य रे सागर! पोतं धर!”

सागर पँट दुमडून पुढं झाला. तुळशीराम खुर्चीतून डावा हात हलवत कळवळून म्हणाला, “बसलं... खाली बसलं!” सागरला वाटलं, बाबाला खाली बसायचंय. तो वळून म्हणाला, “थांबा बाबा, खुर्चीवरच बसा,” आणि तेवढ्यात त्याचा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. मंजुळाबाईनं त्याच्या दंडाला धरून ओढलं.

“तो सांगून राह्यला, तथी दलदल हाय, पाय जाईन,” ती म्हणाली. “अन् तू त्याले खुर्ची दाखवते.”

सागर चिखलानं माखलेला, पाय सोडवत उभा राहिला. तो बापाकडं बघत होता. तुळशीरामचं अर्धं तोंड हसत होतं.

अकरा मरळ निघाल्या आणि बारकी मासोळी ओंजळी-ओंजळीनं. ओल्या पोत्यात घालून त्यांनी पाच खेपा केल्या. शेवटच्या खेपेला मंजुळाबाई स्वतः डोहात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. पाणी आत गार होतं. तिनं पोतं उघडलं. मरळ क्षणभर तशीच थांबली, तिच्या पोटरीला घासून गेली आणि खाली उतरली. मागून भावाचा आवाज आला, आधीपेक्षा स्वच्छ, “पोटात!”

“पोटात, भाऊ!” तिनं ओरडून सांगितलं.

मग ती तशीच उभी राहिली. लुगडं अंगाभोवती फुगलं होतं. सागरनं एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. ऊन चढलं, बाबाला त्रास होईल, म्हणाला. तिला ऐकू येत होतं. पण पाय निघत नव्हते. ती या पाण्यातून सतराव्या वर्षी निघून गेली होती आणि त्यानंतर कुठल्याच पाण्यात कमरेपर्यंत उतरली नव्हती.

परतताना ॲपेत सागरनं विचारलं, “आत्या, दर चैत्रात बाबा सायकल घेऊन सकायी सकायी जाये, ते हेच का? मले वाटे सरपन आनाले जाते. मले काऊन नाई सांगितलं कधी?”

“सांगितलं असन. तू आयकलं नसन.”

जरा पुढं गेल्यावर तो म्हणाला, “मीच म्हनत होतो त्याले, बाबा, लोकांपुढं असं गावंढय बोलू नका. दुकानात शेठ असते, गिऱ्हाइकं असते. बाबा दुकानात आला का मंग बोलेच ना.” मंजुळाबाईनं त्याच्या गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखानं काढला. तीही बाजारात पंचेचाळीस वर्षं कुणाचं तरी बोलणं बोलत आली होती.

ती तीन आठवडे राहिली. रोज दुपारी सिंधूताई तांदूळ निवडत तिच्याजवळ बसे आणि एकेक शब्द विचारी, एखादी भाजी कशी करायची ते विचारावं तसं. ‘धुतलं’ म्हणाला म्हणजे? संपलं, काही नाही, पाण्याचा तांब्या रिकामा झाला असेल. ‘खाली बसलं’? जीव घाबरतोय, जवळ जा. ‘आंधयं’? नीट दिसत नाही किंवा समजत नाही, दिवा लाव, पुन्हा सांग. सिंधूताई मान डोलवी. एकदा तुळशीराम आतून म्हणाला, “धुतलं,” तर मंजुळाबाई उठायच्या आत सिंधूताई तांब्या भरून घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. “वर म्हने मले,” ती म्हणाली. “मी बसली थोडा वेळ.”

त्या दुपारी मंजुळाबाईला वाटलं, आपलं काम झालं. आणि वाटलं त्याबरोबर एक कळही उठून गेली. आजवर हे शब्द भावाचे आणि तिचे, दोघांचेच होते.

तिकडं शेखर रोज विचारत होता, आई, कधी येतीस? बाळ रडायलंय, बाजार रेणुकाला एकटीला झेपेना. ती निघाली तेव्हा तुळशीरामनं तिचं मनगट डाव्या हातानं धरून ठेवलं. गाडीची वेळ झाली तरी सोडेना. शेवटी सिंधूताईनं त्याची बोटं एकेक करून उकलली.

त्यानंतर तो दिवाळीपर्यंत होता. फोन यायचे. सिंधूताई फोन त्याच्या कानाशी धरे. त्याला पुरं वाक्य जमत नसे, पण “पानी?” एवढं म्हणे, आणि मंजुळाबाई धरणाच्या त्या सपाट पाण्याकडं बघून त्याच्यासाठी काहीतरी रचून सांगे. डोक्याला धार आहे, भाऊ. पोटात सावली फिरून राह्यली. तो ऐकत राही. दिवाळीनंतरच्या एकादशीला दुसरा झटका आला आणि संपलं. मंजुळाबाई पोचली तेव्हा मयत उचलून झाली होती.

परत आल्यावर तिनं एकदा शेखरला शिकवून बघितलं. तो तराफा लावून काठावर आला होता, पाणी गढूळ झालं होतं. ती म्हणाली, “याला आमच्याकडं काय म्हनते ठाव हाय? आंधयं.” शेखर कौतुकानं हसला. “आंधयं,” तो म्हणाला. पण ‘यं’ त्याच्या जिभेवर बसेना. “भारी हाये, आई.” आणि जाळं झटकायला लागला. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या पाण्याला तो शब्द नकोच होता. पण मंजुळाबाई त्या दिवसापासून बाजारात बसल्या बसल्या कधीकधी गप्प होऊन जाते. फोन पाटीशेजारी ठेवलेला असतो. वाजला की हात झटकन जातो, आणि मग आठवतं.

आता फोन सिंधूताईचे येतात. पूर्वी दोघी नणंद-भावजय सणासुदीपुरतं बोलायच्या. आता आठवड्यातून दोनदा. सिंधूताई घरचं सगळं सांगते आणि तुळशीरामचे शब्द मध्ये मध्ये पेरते, कसेही, कुठंही. परवा म्हणाली, “बाई, सागरचा पोट्टा गनितात खाली बसला.” मंजुळाबाई इतकी हसली की शेजारची मेथीवाली विचारू लागली, काय झालं. असं पाण्यावर कुणी म्हणत नाही, हे तिनं सिंधूताईला सांगितलं नाही.

“अन् सागर नदीवर गेलता का, वैनी? चैत्र लागला.”

“गेलता. तुम्ही सांगितलं तसा पोतं घेऊन गेलता. पन शेपूट तं पहिलेच कोरडं पडलं होतं म्हने. दोनच मासोया गावल्या. घातल्या पोटात.”

“दोन गावल्या?”

“दोन.”

दोघींपैकी कुणीच फोन ठेवीना. तिकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, इकडं रेणुका दोनदा म्हणाली, आई, गिऱ्हाईक थांबलंय. मंजुळाबाईनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि पाटीतला कटला उचलून तराजूत टाकला.

“बोला वैनी,” ती म्हणाली, “आयकून राह्यली मी.”